कायोटीची शिकार: टेक्सासमधल्या नवशिक्यांसाठी परवान्यापासून पहिल्या गोळीपर्यंत

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडे राहणाऱ्या मराठी माणसाला कायोटी, म्हणजे उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानप्राणी, माहीत असतो तो बहुधा रात्रीच्या कुईमुळे, नाहीतर पहाटे अंगणामागून दुडक्या चालीने जाताना दिसतो म्हणून. गावाबाहेर तासभर गाडी हाकली की हाच प्राणी शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांच्या जिवाला घोर लावतो, आणि तिथे त्याची शिकार वर्षभर चालते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आपल्याकडच्या कोल्ह्यालाही तो लागू आहे. त्यामुळे घरातल्या मोठ्यांकडून हे शिकून आलेला माणूस आपल्यात सापडत नाही. बंदूक कधी हातात धरलेली नाही, पण हे काम कायद्यात राहून नीट शिकायचं आहे, अशांसाठी सगळी वाट इथे क्रमाने मांडली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. नवशिक्याचे पैसे रायफल आणि इलेक्ट्रॉनिक कॉलरमध्ये (प्राण्यांचे आवाज वाजवून कायोटीला बोलावणारं यंत्र) जातात, पण कायोटी हातचा जातो तो वारा चुकल्याने आणि बसायच्या जागेपर्यंत चुकीच्या वाटेने गेल्याने. म्हणून या लेखात बंदुकीपेक्षा जागेबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी कायदा, मग बंदूक

टेक्सासमध्ये कायोटी ‘नॉनगेम’ गटात येतो. त्याला ठरलेला हंगाम नाही आणि किती मारायचे यावर मर्यादा नाही. तरीही हंटिंग लायसन्स लागतंच. जनावरांवर हल्ला करणाऱ्या कायोटीपुरती जमीनमालकाला आणि त्याच्या माणसांना सूट आहे, पण हौशी पाहुण्याने त्या सवलतीवर विसंबू नये. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ टेक्सासमध्ये राहिलेला माणूस इथला रहिवासी धरला जातो. त्याच्यासाठी साध्या लायसन्सची फी २५ डॉलर आहे. लायसन्सचं वर्ष ३१ ऑगस्टला संपतं, मग तुम्ही ते सप्टेंबरात काढलेलं असो की जुलैत.

२ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना तो पूर्णपणे ऑनलाइन करता येतो. तरीही प्रत्यक्ष मैदानावरचा वर्ग मिळत असेल तर तोच घ्या. भरलेली बंदूक घेऊन कुंपण कसं ओलांडायचं (उत्तर: भरलेली असताना ओलांडायचंच नाही), दोघांनी शेजारी बसून आपापला टापू कसा वाटून घ्यायचा, हे पडद्यावर पाहून हातात बसत नाही.

आता व्हिसाचा प्रश्न. आपल्यापैकी बरेच जण एच-१बी, एल-१, एच-४ किंवा एफ-१ वर असतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे क्रम ठरलेला आहे: आधी कोर्स, मग लायसन्स, मगच बंदुकीला हात. शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक घेणं हेही बाळगणंच ठरू शकतं. आणि ३१ ऑगस्टला लायसन्स संपलं, नवं काढलं नाही, पण रायफल कपाटात तशीच पडून राहिली, तर १ सप्टेंबरला तुमच्याकडचा अपवाद संपलेला असतो. हा गुन्हा आहे आणि त्याचा परिणाम थेट इमिग्रेशनवर होतो. तुमचं प्रकरण जरा जरी गुंतागुंतीचं असेल तर खरेदीआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

आणखी एक धोका फक्त आपल्यालाच आहे. रेंजवर किंवा शिकारीला वापरलेली पाठपिशवी पुढे भारताच्या प्रवासाला नेऊ नका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्ली विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि ‘चुकून राहिलं’ हे पोलिसांना नव्हे, कोर्टाला पटवावं लागतं. शिकारीची पिशवी वेगळी ठेवा आणि तिला तेवढंच काम द्या.

टेक्सासबाहेर गेलात की नियम बदलतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्यप्राण्याच्या शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये कायोटीला ठरलेला हंगाम आहे. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्वेकडच्या काही काउंटींमध्ये लाल लांडगे असल्यामुळे कायोटीच्या शिकारीवर जादा बंधनं आहेत. त्यामुळे राज्य बदललं की त्या वर्षाचं नियमपुस्तक नव्याने वाचायचं.

जमीन आणि परवानगी

टेक्सासमधली बहुतेक सगळी जमीन खाजगी आहे, त्यामुळे इथे मालकाच्या परवानगीशिवाय काहीच सुरू होत नाही. ‘प्रवेश बंद’ची पाटी नसली तरी झाडांवर आणि कुंपणाच्या खांबांवर जांभळा रंग दिसतो का ते पाहा. जमिनीपासून ३ ते ५ फूट उंचीवर, किमान ८ इंच लांब आणि एक इंच रुंद असा उभा जांभळा पट्टा म्हणजे कायद्याने पाटीच. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा त्याच्या कडेच्या पट्ट्यातून शिकार करायची नाही, प्राणी कितीही समोर उभा असला तरी.

परवानगी मागायला हरणांच्या हंगामात जाऊ नका. नोव्हेंबर-डिसेंबरात रँचवर हरणांच्या शिकारीसाठी भाडं भरणारे लोक असतात आणि मालकाला तेव्हा दुसऱ्या कोणाचा आवाज नको असतो. जानेवारीच्या शेवटी जा, दिवसाउजेडी जा, शिकारीचे कपडे घालून जाऊ नका. गाई कधी वितात, कोकरं कधी होतात, कुठल्या बाजूला नुकसान झालंय, हे विचारा. कोणती फाटकं उघडी ठेवायची आणि कोणती बंद, ते लिहून घ्या. फाटक चुकलं की परवानगी गेली. राखणीचे कुत्रे आहेत का, हा प्रश्न विसरायचा नाही. मेंढ्यांबरोबर राहणारा मोठा पांढरा ग्रेट पिरेनीज चटकन ओळखू येतो, पण जर्मन शेफर्डच्या वळणाचा कुत्रा पहाटेच्या अंधूक उजेडात दगा देतो. परवानगी लेखी घ्या: नाव, तारखा, सोबत कोण, कुठल्या गाडीने. एवढं कागदावर असलं की रात्री शेजाऱ्याने शेरीफला फोन केला तरी अडचण येत नाही.

मालकाला वचन देताना जपून बोला. ‘तुमच्या रानातले कायोटी संपवतो’ असं म्हणू नका, कारण ते होत नाही. संख्या घटली की उरलेल्या माद्यांची पिल्लं जास्त जगतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत बाहेरचे तरुण कायोटी येऊन बसतात. मेंढपाळाला खरा उपयोग होतो तो कोकरं जन्माला येण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत, त्याच कुरणाच्या आसपास केलेल्या शिकारीचा. तेवढंच सांगा आणि तेवढं नीट करा.

रायफल, काडतूस, स्कोप

पहिली रायफल .२२३ रेमिंग्टनची (हे काडतुसाच्या मापाचं नाव) घ्या. यावर फार घोळ घालण्याची गरज नाही. धक्का कमी, काडतुसं सगळीकडे मिळतात, सराव परवडतो, आणि २०० ते २५० यार्डांपर्यंत कायोटीला ती पुरून उरते. ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३२०० फुटांनी निघते. .२२-२५० तीच गोळी सुमारे ३६०० फुटांनी फेकते, सपाट जाते, पण नळी लवकर तापते आणि लवकर झिजते. .२४३ विंचेस्टर वाऱ्यात चांगली टिकते आणि हरणालाही चालते, मात्र तिने कातडं फाटतं. .१७ एचएमआर आणि .२२ एलआर ही बारीक काडतुसं प्रेरी डॉग, ग्राउंड स्क्विरल अशा बिळांत राहणाऱ्या खारीच्या जातीच्या छोट्या प्राण्यांसाठी ठेवा. कायोटीवर त्यांनी जनावर जखमी होऊन निसटतं.

रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस अशा साध्या बोल्ट रायफली (दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायच्या) नवशिक्याला पुरेशा आहेत. नळीवर ट्विस्टचा, म्हणजे नळीच्या आतला पीळ किती इंचांत एक वळसा घेतो त्याचा, आकडा कोरलेला असतो तो पाहा. १:१२ असेल तर ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या वापरा. १:९ किंवा १:८ असेल तर जडही चालतात. कागदावर गोळीचं भोक गोल पडण्याऐवजी लांबट पडू लागलं, तर ती गोळी त्या ट्विस्टला जड आहे असं समजा.

काडतुसांच्या बाबतीत तीन गोष्टी. नळीवर फक्त .२२३ लिहिलेलं असेल तर ५.५६ नेटोचं काडतूस घालू नका, त्याचा दाब जास्त असतो, उलट ५.५६ च्या रायफलीत .२२३ चालतं. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत जवळपास बसतं आणि उडवलं तर बंदूक फुटते, म्हणून दोन्ही जातींची काडतुसं एका टेबलावरसुद्धा ठेवू नका. आणि पूर्ण तांब्याच्या कवचाची स्वस्त एफएमजे गोळी फक्त कागदासाठी. ती जनावरातून आरपार जाते, ते दूरवर जाऊन मरतं, आणि दगडावर आपटली तर गोळी भलतीकडे उडते. शिकारीला फुलणारी गोळी हवी: टोकाला प्लॅस्टिक असलेली व्ही-मॅक्ससारखी, किंवा साधी सॉफ्ट पॉइंट.

दाट झुडपात, जिथे ५० यार्डांपलीकडे दिसतच नाही, तिथे १२ गेजची शॉटगन रायफलीपेक्षा कामाची. ३ इंची काडतूस, नंबर ४ बकचे छरे, पल्ला ४० यार्ड. आधी ३० इंचाच्या कागदावर ४० यार्डांवरून बार टाकून पाहा. छरे किती विखुरतात ते प्रत्येक नळी आणि चोक (नळीच्या तोंडाचं आवळण) यांच्या जोडीत वेगळं निघतं.

स्कोप ३-९x४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलिमीटरची) पुरतो. रानात तो कायम सर्वांत कमी पॉवरवर ठेवायचा. कायोटी ३० यार्डांवर अचानक उगवतो आणि ९ पॉवरवर नुसती केसांची भिंत दिसते. बसवताना रिंगांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पौंडांनी आवळा, त्यासाठी टॉर्क ड्रायव्हर घ्या. नेम दर आठवड्याला सरकतो अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष या स्क्रूंचा असतो, स्कोपचा नसतो.

कानाचं संरक्षण सुरुवातीपासून वापरा. .२२३ चा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही. बारीक आवाज वाढवणारे आणि मोठा आवाज अडवणारे इलेक्ट्रॉनिक मफ असतील तर झुडपात वाळल्या पानांवर पडलेलं पाऊलही ऐकू येतं.

झिरो करताना (नेम आणि गोळी एका जागी जुळवताना)

१. २५ यार्डांपासून सुरुवात करा. बोल्ट काढा, रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा, नळीतून डोळ्याने लक्ष्य मध्यावर घ्या, आणि रायफल न हलवता स्कोपची फुली तिथे आणा.

२. तीन गोळ्या झाडा. पाव एमओएच्या स्कोपला (एका क्लिकला १०० यार्डांवर सुमारे पाव इंच सरकणाऱ्या) २५ यार्डांवर एक इंच सरकवायला १६ क्लिक लागतात, १०० यार्डांवर ४. हा हिशेब विसरला की लोक लक्ष्याभोवती गोल गोल फिरत काडतुसं संपवतात.

३. १०० यार्डांवर या. तीन गोळ्यांचा गट फुलीच्या दीड ते पावणेदोन इंच वर पडेल असं बसवा. एका गोळीवरून कधीही क्लिक फिरवू नका. प्रत्येक गटानंतर नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

४. २०० यार्डांवर खात्री करा. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी २०० वर बरोबर बसली की ३०० वर ती ८ ते ९ इंच खाली जाते. ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला २०० यार्डांवर ५ ते ६ इंच बाजूला ढकलतो. म्हणजे २०० च्या आत थेट मध्यावर धरायचं आणि ३०० चा विचार पहिल्या वर्षी करायचा नाही.

५. काडतुसांची जात बदलली, किंवा वजन तेच ठेवून कंपनी बदलली, तरी पुन्हा तपासा.

इथपर्यंत टेबलावरचं काम झालं. खरी परीक्षा जमिनीवर बसून, शूटिंग स्टिकवर रायफल टेकवून होते. ६ इंचाची ताटली १०० यार्डांवर ठेवा आणि बसल्या बैठकीतून दहा गोळ्या झाडा. दहापैकी नऊ लागतात ते अंतर तुमचं. बहुतेकांचं सुरुवातीला ते १२० यार्डांच्या आत निघतं आणि त्यात काही कमीपणा नाही, कारण नीट बोलावलेला कायोटी बहुतेक वेळा १०० च्या आत येतो.

मालकाची हरकत नसेल तर सरावासाठी प्रेरी डॉगचं कुरण उत्तम. त्यांच्या बिळांत बरोइंग आउल हे घुबड राहतं, त्याला संघीय कायद्याचं संरक्षण आहे. बिळाच्या तोंडाशी लांब पायांवर उभं असलेलं काही दिसलं तर आधी दुर्बीण लावा. मेलेल्या प्रेरी डॉगला हात लावू नका, त्याच्यावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो.

कुठे आणि कसं बसायचं

कायोटी नाकावर विश्वास ठेवतो. आवाज ऐकून तो निघतो, डोळ्यांनी अंदाज घेतो, पण शेवटचा निर्णय वासावर करतो. म्हणून आवाजाच्या जागेला वळसा घालून तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो. आपली सगळी मांडणी याच एका सवयीवर उभी राहते.

आदल्या दिवशी रान पाहून घ्या. मातीच्या रस्त्याच्या दुबेळक्यावर, कुंपणाखालच्या खळग्यात आणि पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर ठसे आणि विष्ठा मिळते. ठसा कुत्र्याच्या ठशापेक्षा लांबट आणि निमुळता असतो, पुढची दोन नखं एकमेकांच्या जवळ उमटतात, चाल सरळ रेषेत असते. विष्ठेत केस, हाडांचे तुकडे, आणि उन्हाळा-पावसाळ्यात मेस्कीट या काटेरी झाडाच्या शेंगांच्या बिया दिसतात. शक्य असेल तर सांजवेळी दूरवर थांबून कुई कुठून येते ते नकाशावर टिपून ठेवा.

पहाटे गाडी टेकाडाआड किंवा झाडीआड उभी करा. दार आपटू नका, नुसतं लोटून लावा. तिथून किमान ३०० यार्ड चालत जायचं, तेही वाऱ्याच्या विरुद्ध किंवा वारा आडवा ठेवून, आणि ज्या झाडीतून कायोटी येणार असं वाटतं तिच्या कडेने कधीच नाही. टेकडीच्या माथ्यावरून चालणं टाळा, आकाशावर उमटलेली आकृती मैलभरावरून दिसते. उताराच्या रानात पहाटेची थंड हवा खाली वाहते आणि ऊन चढलं की वर वाहू लागते, त्यामुळे सहा वाजताची चांगली जागा नऊ वाजता वाईट होते. खिशात टाल्कम पावडरची छोटी पिचकारी ठेवा. गवताची काडी उडवून जे कळत नाही ते पावडर दाखवते.

आता मांडणी. समजा वारा तुमच्या डाव्या गालावर लागतोय. कॉलर समोर थोडा डावीकडे, ४० ते ५० यार्डांवर, फूटभर उंच गवतात ठेवा. तुम्ही झुडपाच्या सावलीत, झुडूप पाठीशी घेऊन बसा. झुडपामागे बसू नका, समोर फांद्या आल्या की रायफल वळत नाही. सूर्य शक्यतो पाठीमागे. तुमच्या उजवीकडची बाजू मोकळी हवी, कारण कायोटी कॉलरच्या वासासाठी तिकडेच येणार. तुमचा स्वतःचा वासही उजवीकडेच वाहतोय. तो पट्टा कुठून सुरू होतो ते मनात आखून घ्या, एखादं झुडूप किंवा दगड खूण म्हणून धरा. त्या खुणेपर्यंत पोचण्याआधी गोळी झाडायची. पोचला की तो शेपटी पायात घालून निघून जातो आणि तो आवाज पुढे बरेच दिवस लक्षात ठेवतो. रेंजफाइंडर असेल तर बसल्याबरोबर चार-पाच खुणांची अंतरं मोजून ठेवा.

ताशी ५ ते १२ मैलांचा एकसारखा वारा सगळ्यांत चांगला. २० च्या वर गेला की आवाज पोचत नाही. वारा पडलेला दिवस फसवा असतो, वास साचून चहूकडे पसरतो.

आवाज आणि घड्याळ

इलेक्ट्रॉनिक कॉलर टेक्सासमध्ये कायोटीसाठी चालतो. फॉक्सप्रोचा साधा कॉलरही भरपूर होतो. पण एक बंद पत्तीची तोंडाने वाजवायची शिटी गळ्यात असू द्या. तिचे २० डॉलरही होत नाहीत, बॅटरी संपली की तीच उपयोगी पडते.

बसल्यावर तीन-चार मिनिटं काहीच करू नका. मग सशाचं केविलवाणं ओरडणं अगदी हळू आवाजात, मिनिटभर. जवळच कोणी लपलेला असेल तर मोठ्या आवाजाने तो बिथरतो. नंतर मिनिटभर शांतता. मग आवाज थोडा वाढवून दीड-दोन मिनिटं, पुन्हा खंड. असं १५ ते २० मिनिटं करायचं, दाट झाडीच्या भागात अर्धा तास. कायोटी पहिल्या दोन मिनिटांत धावतही येतो आणि अठराव्या मिनिटाला चोरपावलांनीही येतो. उठायची घाई करणाऱ्याला दुसरा कधीच दिसत नाही. बॉबकॅट या रानमांजराला याहून जास्त वेळ द्यावा लागतो.

आवाज ऋतूप्रमाणे बदला. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या वर्षीची पिल्लं आई-बापांपासून सुटी होतात. अननुभवी असतात, सशाच्या आवाजाला सरळ येतात. नवशिक्याने सुरुवात याच दिवसांत करावी. डिसेंबरच्या थंडीत, विशेषतः वादळ येऊन गेल्यानंतरच्या स्वच्छ सकाळी, भूक त्यांना खेचते. जानेवारी-फेब्रुवारी जोड्या लागण्याचा काळ: तेव्हा एकट्या कायोटीची कुई द्या, दोन-तीन वेळा, आणि मग दहा मिनिटं गप्प राहा. एप्रिल-मेमध्ये पिल्लं बिळात असतात. मेंढपाळाच्या नुकसानीसाठी जायचं नसेल तर या काळात रान मोकळं सोडा. मागे राहिलेली पिल्लं उपाशी मरतात, आणि ते कोणालाच नको असतं.

रान जुनं झालं की सशाच्या आवाजाला दाद मिळेनाशी होते, कारण सगळे तोच वाजवतात. तेव्हा उंदराची किचकिच किंवा सुतारपक्ष्याचा आकांत वापरा.

गोळी झाडायच्या आधी

कायोटी दिसला की हात चटकन हलतात, तिथेच घात होतो. त्याचं डोकं झुडपाआड जाईपर्यंत थांबा, मगच रायफल त्याच्या वाटेच्या पुढे आणा. ओळख पटवा: मोठे टोकदार कान, निमुळतं तोंड, धावताना खाली धरलेली शेपूट. गळ्यात पट्टा किंवा झुबकेदार वर वळलेली शेपूट दिसली तर बोट चापापासून लांब. न्यू मेक्सिको किंवा ऍरिझोनात मेक्सिकन लांडगा आहे, तो दीड-दोन पट जड, तोंड बोथट, पाय लांब, आणि तो मारणं हा संघीय गुन्हा आहे. शंका आली तर गोळी झाडायची नाही. यात दुसरा विचारच नको.

त्याच्या मागे काय आहे ते पाहा. मागे माती हवी: चढ, बांध, नाल्याची कड. टेकडीच्या माथ्यावर आकाशाला लागून उभा असेल तर ती गोळी दोन मैल पलीकडे कुठे उतरेल ते तुमच्या हातात नाही. गाई, घर, पाण्याची टाकी, जोडीदाराचा टापू, हे सगळं बसतानाच पाहून ठेवलेलं असावं.

चालता कायोटी थांबवायला तोंडाने एकदाच ‘वुफ्’ करा. तो थांबून पाहतो, दोन-तीन सेकंद मिळतात. आडवा उभा असेल तर पुढच्या फऱ्याच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोर तोंड करून असेल तर छातीच्या मध्यावर. पाठमोऱ्यावर आणि धावत्यावर झाडू नका.

बार झाला की उठू नका. बोल्ट मागे-पुढे करून दुसरं काडतूस घ्या, नजर त्याच जागेवर, आणि लगेच पिल्लाच्या किंकाळीचा आवाज लावा. सोबतचा दुसरा कायोटी पुष्कळदा ५० यार्ड पळून थांबतो आणि वळून पाहतो. पाच मिनिटांनी, पडला त्या जागेमागचं झाड लक्षात ठेवून, सरळ तिथे जा. मागून जवळ जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर दुसरी गोळी. चुकला असं वाटलं तरी जागेवर जाऊन रक्त आणि केस शोधा. कायोटी नेम लागल्यावरही शंभर यार्ड पळतो, आणि जखमी सोडून जाणं ही या कामातली सर्वांत वाईट गोष्ट आहे.

रात्री टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर परवानगीने दिवा किंवा थर्मल (अंगाच्या उष्णतेवरून प्राणी दाखवणारं उपकरण) वापरून शिकार करता येते. पहिल्या वर्षी ती करू नका. थर्मलमध्ये वासरू, कुत्रा आणि कायोटी यांच्यातला फरक कळायला बराच काळ लागतो, आणि मागची माती दिसत नाही.

कोणी आलंच नाही तर

बहुतेक बैठका रिकाम्या जातात, अनुभवी लोकांच्याही. पण सलग पाच-सहा रिकाम्या गेल्या तर या क्रमाने तपासा: गाडी दिसत होती का, चालत येताना वारा कुठून होता, बसल्यावर हात आणि चेहरा हलत होता का (हातमोजे आणि तोंडावर जाळी घाला, उघडी कातडी लांबून चमकते), आणि दोन बैठकांमध्ये अंतर किती ठेवलं. उघड्या रानात किमान मैलभर, दाट झाडीत अर्धा मैल. आवाज बदलण्याचा विचार या सगळ्यानंतर. त्याच जागेवर महिनाभर पुन्हा बसू नका.

मेलेल्या जनावराला हात लावताना नायट्राइलचे हातमोजे घाला. रेबीज, खरूज, पिसवा आणि गोचिड्या यांचा धोका असतो. विष्ठेतून टेपवर्मचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून तिला उघड्या हाताने शिवू नका. अंगावरचे केस झडलेले, कातडी राखाडी आणि चुरगळलेली असेल तर तो खरजेचा, त्याचं कातडं काढू नका. कातडं चांगलं असतं ते नोव्हेंबरअखेर ते जानेवारीपर्यंत. मात्र २०२१ मध्ये कॅनडा गूस कंपनीने फर वापरणं थांबवण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून कायोटीच्या कातड्याची बाजारपेठ फार आटली आहे, त्यामुळे पैशांच्या आशेने उतरू नका. विकायचंच असेल तर नियम आधी वाचा. खोकड, रकून यांचे वेगळे आहेत आणि बॉबकॅटच्या कातड्याला टॅग लागतो. जिवंत कायोटी टेक्सासमध्ये एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येत नाही, रेबीजमुळे तशी बंदी आहे.

धड कुठे टाकायचं ते मालकाला विचारून ठेवा. पाण्यापासून, रस्त्यापासून आणि कुत्र्यांपासून दूर. शिशाची गोळी वापरली असेल तर धड पुरलेलं बरं, ते खाणाऱ्या गिधाडा-गरुडांच्या पोटात शिसं जातं. रान सोडण्याआधी उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचा, मोजा, फाटकं पुन्हा तपासा. त्याच संध्याकाळी मालकाला दोन ओळींचा मेसेज पाठवा: किती दिसले, किती मिळाले, कुठल्या कुरणात, कुंपण कुठे तुटलेलं दिसलं. पुढच्या खेपेला फोन तोच करतो.